वर यायचं तर रजिस्टर भरा

जिथे बोलायला बंदी असते तिथे किस्से जास्त साठतात. आमच्या अभ्यासिकेत सकाळी सहा ते संध्याकाळी आठ "शांतता राखा"ची पाटी. मग आम्ही पंचवीस जणी सगळं पोटात धरून बसतो आणि कुलूप लागलं की जिना उतरायच्या आत सुरू! एरवी एक किस्सा आठवडाभर पुरवावा लागतो. पण दिवाळीच्या आधी मालेगावात फिल्म फेस्टिवल आला आणि चार दिवसांत वर्षभराचा माल जमला.

मालेगाव म्हणजे आपलं, वाशीम जिल्ह्यातलं. हे आम्हाला आयुष्यभर सांगावं लागतं.

खाली ट्रस्टचं सभागृह, वर आमची अभ्यासिका. तिचा कारभार मंदाताईंकडे. त्या झाडतात, कुलूप उघडतात, आणि कुणी कुजबुजलं तर नुसतं बघतात. ट्रस्टचे सेक्रेटरी रतनकाका, बाजारातले कापडाचे व्यापारी. आणि मी. मला गावात सगळे दचकणारी म्हणून ओळखतात. आमच्या घराखाली वडिलांची पिठाची गिरणी आहे, पट्टा फिरला की भिंती थरथरतात, तिथे अभ्यास होत नाही. रविवारी अकोल्याला सरळसेवेचा पेपर होता. माझा तिसरा. घरी ठरलं होतं की हा शेवटचा, त्यानंतर बघण्याचे कार्यक्रम सुरू. म्हणून मला त्या आठवड्यात जगात एकच गोष्ट हवी होती. वरची खुर्ची.

* * *

बुधवारी फेस्टिवलचे डायरेक्टर इमारत बघायला आले. पुण्याचे. ऑक्टोबरच्या उन्हातही गळ्यात मफलर, म्हणून आमच्यात मफलरवाले सर. मी जिन्याजवळच्या टेबलावर बसले होते. मागून "एक्सक्यूज मी" आलं आणि मी अशी उडाले की पेन हातातून सुटून थेट त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. त्यांनी ठिपक्याकडे पाहिलं, मी फरशीकडे.

तेवढ्यात मंदाताई वही घेऊन आडव्या आल्या. "वर यायचं तं रजिस्टर भरा."

रजिस्टरमध्ये चार रकाने आहेत. नाव, आल्याची वेळ, कोणत्या परीक्षेची तयारी, सही. ते भरल्याशिवाय मंदाताईंनी स्वतःच्या सुनेलाही कधी आत घेतलेलं नाही.

"मी फेस्टिवलचा डायरेक्टर आहे," सर म्हणाले.

"असान. कोन्या परीक्षेची तयारी करून राह्यले?"

"कुठल्याच नाही."

"मंग वर काय काम हाये तुमचं?"

सर खाली गेले. संध्याकाळी दारावर नोटीस लागली. गुरुवार ते शनिवार अभ्यासिका बंद, जागा पाहुण्यांच्या विश्रांतीसाठी. खाली रतनकाकांची सही. काका वाईट नाहीत हो. गिऱ्हाइकापुढे पन्नास साड्या उलगडतील, पण नाही म्हणणार नाहीत. तीच सवय सगळीकडे.

मंदाताईंनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "मी सकाळी सहाले कुलूप उघडते. याच्यात ह्या कागदाचं काय काम?"

गुरुवारी सहाला पंचवीसच्या पंचवीस हजर. फेस्टिवलवाले दहाच्या आत उठत नाहीत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ते उठेपर्यंत माझी अर्धी राज्यघटना झाली होती. पाहुण्यांचे सोफे आले ते जिन्याखालीच राहिले, कारण हमालांनाही मंदाताईंनी तिसरा रकाना विचारला.

* * *

उद्घाटन गुरुवारी अकराला. परीक्षक मुंबईहून यायचे होते. साडेदहाला त्यांचा फोन आला, "मी मालेगावात पोचलोय, मला घ्यायला कुणी आलेलं नाही." मफलरवाल्या सरांनी दोन मोटरसायकली पिटाळल्या. बसस्टँड बघितलं, चौक बघितला, वाशीम रोडवरचे ढाबे बघितले. माणूस कुठेच नाही. शेवटी विचारलं, समोर काय दिसतंय? तर ते म्हणाले, यंत्रमाग.

गृहस्थ नाशिकच्या मालेगावात उभे होते. अर्धा महाराष्ट्र पलीकडे!

हे वर कळलं तेव्हा मंदाताईंनी नियम मोडून मोठ्याने म्हटलं, "ज्याले पत्ता नाही वाचता आला, तो बाकीच्यायचे पेपर तपासनार व्हता?"

* * *

त्याच दुपारची गोष्ट. परीक्षकांपायी उद्घाटन चारवर ढकललं होतं. सभागृहाच्या दारापासून रस्त्यापर्यंत लाल गालिचा टाकला होता. पाहुणे चारला येणार, तोपर्यंत त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, असं स्पीकरवरून तीनदा सांगून झालं होतं.

माझी मैत्रीण शीतल मेडशीची. तिचे वडील सोयाबीन घेऊन बाजारात आले होते. माल ओलसर निघाला, व्यापारी म्हणाला, वाळवून आणा. ते लेकीला डबा द्यायला आमच्याकडे आले आणि बघतात तर काय, ऊन लख्ख, समोर स्वच्छ कापड अंथरलेलं, आणि त्यावर चालायला बंदी. एवढी सोय त्यांना कधी कुणी करून दिली नव्हती. दोन कट्ट्यांची तोंडं सोडून त्यांनी सोयाबीन त्यावर पसरलं, हाताने सारखं केलं आणि कडेला पटका डोक्याखाली घेऊन आडवे झाले.

चारला गाडी आली. आतून प्रमुख पाहुणे उतरले. मालिकेत सासऱ्याचं काम करणारे ज्येष्ठ नट, माझी आई त्यांच्यासाठी गिरणी बंद करते. मफलरवाले सर धावत आले. "काका, हे काय आहे?"

"सोयाबीन," शीतलचे वडील म्हणाले. "हायब्रीड नाही, घरचंच बेनं हाये." मग पाहुण्यांकडे बघून, "बाजूनं चाला जी, दाना फुटते."

पाहुणे बाजूने चालले. जोडे हातात घेऊन, मातीतून, एका रांगेत. वर आम्ही खिडकीत पंचवीस जणी, आणि पाटीमुळे एकीलाही हसता येईना.

* * *

शुक्रवारी सकाळी वर आलो तर टेबलं होती, खुर्च्या नव्हत्या. एकही नाही.

दुसरी किल्ली काकांकडे असते. रात्रीतून सगळ्या खुर्च्या खाली गेल्या होत्या. त्यांच्यावर पांढरी कव्हरं आणि "व्हीआयपी"ची कार्डं. माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मी दोन वर्षांपूर्वी जाड पुठ्ठ्याची घडी लावली होती. कव्हराखालून ती घडी दिसत होती. रडायलाच आलं मला.

मंदाताईंनी सतरंजी आणली. "बसा. खुर्ची नेली, डोकं तं नाही नेलं ना?"

आम्ही फरशीवर बसलो. पाठ मोडली, पण बसलो.

दुपारी खाली आमच्या भागावरचा सिनेमा होता, म्हणून मंदाताई मला ओढत घेऊन गेल्या. पडद्यावर वऱ्हाडातली शेतकरीण. दीड तासात ती एकदाही हसली नाही. शेवटी चर्चा झाली. कुणाला काही विचारायचं? मंदाताईंचा हात वर.

"बाई इळा उलटा धरून राह्यली. कोनी सांगतलं नाही का तिले?"

सिनेमा करणारा तरुण समजुतीने म्हणाला, "मावशी, ते प्रतीक आहे."

"असू दे ना बाप्पा. बोट तं खरंच कापते."

टाळ्या पडल्या. तो बिचारा आपल्या बोटांकडे बघत राहिला.

मला टाळ्यांनीही दचकायला होतं. पण त्या दिवशी दचकताना पहिल्यांदाच बरं वाटलं.

* * *

शनिवारी समारोप. दुपारी चारला, कारण रतनकाका जैन, सूर्यास्ताच्या आत जेवतात, आणि त्यांच्याशिवाय आभार कोण मानणार? माझ्या पेपरला एक दिवस उरला होता.

आमच्या अभ्यासिकेचा एक नियम कुठेही लिहिलेला नाही. खुर्चीवर पाण्याची बाटली ठेवली की ती खुर्ची त्या मुलीची. ती घरी जेवायला जावो, वाशीमला फॉर्म भरायला जावो, बाटली कुणी हलवत नाही. मालेगावातले निम्मे नोकरदार ह्याच खोलीतून गेलेत, अगदी ती फक्त मुलींसाठी होण्याआधीपासून. बँकेतले, एसटीतले, पंचायतीतले. सगळ्यांच्या अंगात तो नियम आहे.

सकाळी फरशीवर बसल्या बसल्या माझ्या तोंडून निघून गेलं, "खाली आपल्या बाटल्या ठेवू या का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दचकले. पण शब्द परत घेतले नाहीत.

चारला सभागृह भरलं. म्हणजे मागे भरलं. पुढच्या दोन ओळींत पंचवीस पांढऱ्या खुर्च्या, पंचवीस बाटल्या. लोक यायचे, बाटली बघायचे आणि भिंतीला टेकून उभे राहायचे. बँकेचे मॅनेजर उभे. मुख्याध्यापक उभे. सासऱ्याचं काम करणारे पाहुणे लोकांकडे बघून तेही उभे.

मफलरवाले सर ओरडले, "अहो, बाटल्या उचला आणि बसा!" कुणीही जागचं हललं नाही.

शेवटी रतनकाका पुढे आले. पहिल्या ओळीतल्या मधल्या खुर्चीवरच्या बाटलीला हात घातला. लाल झाकणाची, चेपलेली. हात तिथेच थांबला. काका स्वतः ह्याच खोलीत अभ्यास करून दहावी पास झालेले.

"कोनाची हाये?" त्यांनी विचारलं.

माइक कुठेतरी किंचाळला, मी दचकले, आणि दचकता दचकता उभी राहिले. "माझी. उद्या पेपर आहे, काका."

काकांनी बाटली होती तशी सरळ केली. मग सरांकडे वळून म्हणाले, "नाही." एवढंच. मंदाताई म्हणतात, काकांच्या तोंडून हा शब्द त्यांनी वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला. मग आम्हाला म्हणाले, "पोरीहो, खुर्च्या वर न्या."

समारोप उभ्याने झाला. आम्ही खुर्च्या उचलल्या. माझी मला जड जात होती, तर मागून कुणीतरी धरली. वळून बघते तर पाहुणे! "चला, मी घेतो," म्हणाले, आणि एका हातात माझी आणि दुसऱ्या हातात शीतलची खुर्ची घेऊन जिना चढू लागले.

वर दारात मंदाताई.

"जोडे भायेर."

त्यांनी जोडे काढले.

"रजिस्टर भरा."

त्यांनी खुर्च्या खाली ठेवल्या. खिशातून पेन काढला. नाव लिहिलं. घड्याळ बघून वेळ लिहिली. तिसऱ्या रकान्यावर पेन थांबला. कोणत्या परीक्षेची तयारी? खाली आभार चालले होते.

मग त्यांनी लिहिलं, "अजून ठरलं नाही," आणि सही केली.

मंदाताईंनी चष्मा लावून वाचलं. माझ्या खुर्चीखाली पुठ्ठ्याची घडी नीट बसवली आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"बसा मंग. पन आवाज नाही करायचा."