पाठीला लावलेलं तेल

बोंडअळीची ती वर्षं. कपाशीवर आठवड्याला फवारा मारावा लागे. पंप गळका, औषध पाठीवर उतरायचं. म्हणून फवाऱ्याच्या दिवशी मी मुलाच्या अंगाला जवसाचं तेल चोळायची. तेलकट अंगाला औषध चिकटत नाही, असं आमच्याकडे सगळ्याच बायका समजत.

एका फवाऱ्यानंतर तो ओकला, डोळ्यांपुढे अंधारी आली. आठ दिवस दवाखान्यात होता.

घरी आला तेव्हा अकरावीतली नात मोठ्यानं वाचत होती. आपलं शरीर बारीक पेशींचं असतं आणि प्रत्येक पेशीचा पापुद्रा चरबीचा, दुहेरी. मेंदूतही चरबी बरीच. मी म्हटलं, "चरबी म्हणजे जाडेपणा ना?"

"नाही आजी. चरबी नसती तर पेशी उभीच नसती राह्यली. त्या पापुद्र्यातून पाण्यात विरघळलेलं सहजासहजी जात नाही. तेलात विरघळलेलं मात्र जाते."

मी भाजी निवडत होते. थांबले. विचारलं, "फवाऱ्याचं औषध तेलात विरघळते काय?"

"पाण्यात टाकलं की दुधासारखं होते ना? ते तेलकटच आहे."

ते पांढरं पाणी मी किती वर्षं पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात मुलगा उघडा होऊन पाटावर बसला. "माय, लाव लवकर."

"नाही लावत."

"एवढी वर्षं लावलं, आता काहून नाही?"

"तेलानं जहर आत जाते. माह्याच हातानं गेलं तुह्या अंगात."

तो हसला. "मंग कोरडा गेलो तर नाही जाणार काय?"

नात खाली बघून म्हणाली, "कमी जाईन, बाबा."

"कमी," तो म्हणाला. "वा!"

"नको जाऊ," मी म्हटलं.

"अळीले सांग मंग."

त्यानं जाड सदरा घातला, पाठीला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि गेला. मी साबण आणि पाण्याची गुंडी घेऊन मागोमाग गेले, वावराच्या कडेला धुऱ्यावर बसले. पंप रिकामा झाला की तो यायचा, मी पाठ धुवायची, तो पुन्हा भरायचा. चौथ्या वेळी सदरा काढला तर पाठ पूर्ण ओली. घाम होता की औषध, हात लावून कळत नव्हतं. मी साबण लावला. त्यानं पंप पुन्हा पाठीवर घेतला.