अकोल्यात मिळालेली खोली

परवा घराला चुना लावला. त्या ओल्या वासासरशी अकोल्याची ती धर्मशाळा आठवली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. अमरावतीहून आम्ही सात विद्यार्थी वक्तृत्वस्पर्धेसाठी गेलो होतो. हॉटेल परवडणारं नव्हतं, म्हणून दुपारभर पायपीट करून मी ही खोली शोधली होती. भिंतींचा चुना अजून हाताला लागत होता.

दिवाणजी वहीत नावं लिहिताना जात विचारत होते. आमच्यातला सर्वांत चांगला वक्ता नामदेव सरळ म्हणाला, "महार."

दिवाणजींनी टाक खाली ठेवला. "बाकीच्यायले खोली हाये. याले नाही."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हळूच म्हणालो, "नामदेव, आजची रात्र टेसनावर काढशील का?"

"इचारून काहून राह्यला? तू तं ठरवलंच हाये," तो म्हणाला आणि वळकटी उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेत तो पहिला आला. आम्ही जोरजोरात टाळ्या वाजवल्या. परतताना तो दुसऱ्या डब्यात बसला.

सहा जणांची सोय केली, याचं मला तेव्हा समाधान होतं. सातही जण स्टेशनावर झोपू शकलो असतो, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.