त्या बाजूच्या पाट्या

कामठीहून नागपूरला येणाऱ्या शेअर ऑटोत माझ्या शेजारी एक साठीची बाई बसली होती. दुकानांच्या पाट्या ती मोठ्यानं वाचत होती. आधी ओठ अक्षरं जुळवायचे, मग एकदम आरोळी, "सलून!" आम्ही सगळेच रंगलो, ऑटोवालासुद्धा.

"सून शिकवून राहिली मले," ती मला म्हणाली.

तेवढ्यात ऑटोवाला ओरडला, "मावशी, तुमचा कडुनिंब मागं राहिला ना!"

ती कपाळावर हात मारून खदखदून हसली. "जलमभर झाड पाहून उतरली, कधी चुकली नाही. आज वाचता वाचता पुढं आली!"

इतक्या आनंदानं चुकलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"थांबा, परतीचा ऑटो पाहून देतो," ऑटोवाला म्हणाला.

"नको गा, पायीच जाईन. त्या बाजूच्या पाट्या वाचायच्या राहिल्या!"