बहुमताचा आदर राखून

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचं सर्वोच्च न्यायालय माझ्या शेजारच्या काकांइतकं मनावर घेणारा माणूस आमच्या अख्ख्या अल्फारेटा गावात दुसरा नसेल. मुलाकडे कायमचे राहायला येण्याआधी साताऱ्यात त्यांनी ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वचन जन्मभर पाळलं होतं. इथे कोर्टच इंटरनेटवरून घरी येतं म्हटल्यावर पायरीचा प्रश्नच मिटला. सुनावणीच्या दिवशी सकाळी दहाच्या आत काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर हजर असत आणि न्यायमूर्ती आत आले की चक्क उभे राहत. मागे ओट्यापाशी काकूंचा स्वयंपाक चालू असे. “स्वतःच्या लग्नात इतके वेळेवर नव्हते,” हे काकूंचं ठरलेलं वाक्य.

सुनावणी संपली की काका माझ्या दारात. मी घरून काम करते, म्हणजे रिकामीच असते, अशी त्यांची ठाम समजूत होती. एकदा दोन शेजाऱ्यांमधल्या सामाईक वाटेचा खटला होता. मी मीटिंग म्यूट करून उभी, आणि काका माझ्या ड्राइव्हवेवर चपलेच्या टोकाने हद्द आखून दाखवतायत. मी सुटका करून घ्यायला घाईघाईने एक बाजू घेतली, तर म्हणाले, “मत नको, कारण सांग.” निकाल लागला की मांडीवर शब्दकोश घेऊन ते आधी वाचत ते विरोधात गेलेल्या न्यायमूर्तींचं म्हणणं. जिंकणाऱ्याकडे संख्या असते, हरणाऱ्याला नीट लिहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. हा नाद त्यांनी आमच्या गणपती मंडळातही आणला. मसालेभात की पुलाव यावर मतं घेतली, पुलाव जिंकला, तेव्हा “बहुमताचा आदर राखून मी असहमत आहे” अशी सुरुवात करून काकांनी मसालेभाताची बाजू इतकी सविस्तर मांडली की आरती खोळंबली. पुलाव मात्र दोनदा वाढून घेतला. निकाल मानायचा म्हणजे मानायचा.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला कॅलिफोर्नियात सनीव्हेलला नोकरी मिळाली. जायचं की नाही हे ठरलं त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. “बाबा, तुमच्या पद्धतीनेच डिसाइड करू,” म्हणत मुलाने मतं घेतली. तो, सून आणि नात, तिघांचे हात वर. नात हळूच “सॉरी, आबा” म्हणाली. काका उठून उभे राहिले, नेहमीची सुरुवात केली आणि अडकले. मग म्हणाले, “इथे आल्यापासून सगळं तुम्ही दाखवलंत. दुकान, देऊळ, डॉक्टर. हे कोर्ट तेवढं माझं मी शोधलं.”   तव्यापाशी उभ्या काकू मागे न वळताच म्हणाल्या, “मी ह्यांना जॉइन करते.” असहमत न्यायमूर्तीला दुसऱ्याने साथ दिली की असंच म्हणतात, हे काकूंना ठाऊक असेल असं आमच्यापैकी कोणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पोळ्या लाटताना कान काही बंद नसतात, असं त्यांनीच सांगितलं.

निकाल तीन विरुद्ध दोन. गेले सगळे. बॅगांना दोऱ्या काकांनीच बांधल्या, अगदी घट्ट. कॅलिफोर्नियाचं कोर्टही त्यांनी पाहून घेतलं. चांगलं आहे, पण आपलं नाही, म्हणाले. आपल्याकडे दहा म्हणजे तिकडे सात, तेव्हा आता ते उजाडताच दाढी करून बसतात आणि सुनावणी संपली की मला फोन येतो. परवा खटल्याचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, “काका, तेव्हा मला कोणी मत विचारलं नाही. तुम्ही जाऊ नये असं मला वाटत होतं.”

“कारण?”

“सकाळी दार वाजत नाही हो आता.”

 “नोंदवून घेतलं,” काका म्हणाले, आणि फोन बाजूला धरून काकूंना सांगितलेलं मला ऐकू आलं, “अगं, तीन-तीन झाले.”