थोरले की धाकटे

शिरीष, ये इकडे, जवळ बस, आणि आधी बोलणी खा. मागच्या महिन्यात मल्हारगंजात मला पाहून गाडी वळवलीस ना? हेल्मेट घातलं की माणूस ओळखू येत नाही असं वाटतं तुला? फोनही उचलत नाहीस, म्हणून मंडळाच्या अंकात लिहिते आहे, आपल्या भोंगेअण्णांबद्दल. चार लोक वाचतील, वाचू देत. ऐकायचं मात्र तुला आहे.

बाकीच्यांसाठी सांगते. राजेंद्र नगरात आमच्या शेजारी रेल्वेतून रिटायर झालेले एक अण्णा राहायचे. घरात दोनेकशे रेकॉर्डी, सगळ्या जॅझच्या. दूधवाल्याच्याही आधी यांच्या रेकॉर्डवरचं ट्रम्पेट सुरू, म्हणून कॉलनीनं नाव ठेवलं भोंगेअण्णा. त्यांना त्याचा राग नव्हता. "भोंगा वाजला की मिल सुरू व्हायची, माझा वाजला की मी सुरू होतो," म्हणायचे. महूला नोकरीत असताना क्लबात वाजवणाऱ्या एका गोव्याच्या माणसानं गाव सोडताना त्यांना एक रेकॉर्ड दिली होती. तेव्हापासूनचा हा नाद.

रविवारी सकाळी दहाला बैठक बसायची. माणसं तीन. अण्णा, मी, आणि साताऱ्याहून इथं कंपनीत नोकरीला आलेला हा शिरीष. अण्णा रेकॉर्डचं पाकीट उशीच्या अभ्र्यात लपवायचे, सुई ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी राय, मग नाव." कोण वाजवतंय ते कळायच्या आत आपलं मत द्यायचं. 'छान' म्हणायला बंदी. "छान जिलेबीला म्हणा वहिनी. हा माणूस म्हणतोय काय, ते सांगा." त्यांची स्वतःची राय ऐकावी. एका वादकाबद्दल म्हणाले, "हा वाजवत नाहीये हो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार मांडतोय." एका गाणाऱ्या बाईबद्दल, "हिला सरवट्याच्या बस स्टँडवर घ्यायला कुणी आलेलं नाही. क्यों भिया, खरं ना?"

त्यांचे दोन लाडके सॅक्सोफोनवाले होते. त्यांची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून अण्णांनीच बारसं केलं, थोरले आणि धाकटे. "थोरले पाहुण्यांना या-बसा म्हणतात, धाकटे पाहुणे गेल्यावर मनातलं बोलतात." अण्णा थोरल्यांचे, शिरीष धाकट्यांचा. यावरून दोघं इतके भांडायचे की चहा गार व्हायचा. "अण्णा, थोरल्यांना थांबता येत नाही!" "आणि तुझ्या धाकट्यांना सुरू होता येत नाही रे!"

नाव ओळखण्यात मात्र मी कधी चुकत नसे. सूर लागायच्या आतच सांगायची, "थोरले." अण्णा अभ्र्यातून पाकीट काढून नाचवायचे. "आठवी शिकलेली बाई आहे ही! याला कान म्हणतात, कान!"

आता खरं सांगते. अण्णांचा हात थरथरायचा, म्हणून रेकॉर्डी पुसायचं काम माझ्याकडे होतं. जुन्या मलमलीनं एकेक पुसायची, थोडी लावून बघायची. प्रत्येक रेकॉर्डला तिचा ओरखडा होता. कुणाची सुरुवातीलाच दोनदा टकटक, कुणाची पापड मोडल्यासारखी खरखर. मी ते ओरखडे ओळखत होते, वादक नाही. पहिल्यांदा गंमत म्हणून नाव सांगितलं. पण 'तुला काय कळतं' हे ऐकत जन्म गेलेला, आणि इथं एक माणूस माझ्या कानाचं कौतुक करत होता. तोंडातून खरं निघेना.

मग शिरीषनं अण्णांसाठी नवी कोरी रेकॉर्ड आणली. अभ्र्यात पाकीट गेलं, सुई टेकली. टक नाही की खरखर नाही, लोण्यासारखी शांतता. मला काहीच कळेना. अण्णा माझ्याकडे कौतुकानं बघताहेत. मी ठोकून दिलं, "थोरले."

शिरीष हसला. "नाही काकू, धाकटे आहेत."

अण्णांनी पाकीट काढलं, भिंग लावून वाचलं आणि म्हणाले, "कंपनीनं पाकीट बदललंय."

"अण्णा, प्लास्टिक मीच फाडलं. आतल्या रेकॉर्डवरही तेच नाव आहे."

"तेही चुकलं असेल. छापणारी माणसंच ना? वहिनी चुकत नाहीत."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तुला कान नाही, एवढंच म्हणतोय. वहिनींपाशी बसून शिक जरा."

"मग मी येतो कशाला इथे?"

"वही तो पूछ रहा हूँ, भिया."

तू हेल्मेट उचललंस, शिरीष. मी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. 'अण्णा, मला कळत नाही हो,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "साखर कमी आहे का बघा." गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. मग अण्णांनी पेन घेऊन पाकिटावरचं छापील नाव खोडलं आणि वर थरथरत्या अक्षरात लिहिलं, 'थोरले.'

पुढचे पाच-सहा रविवार ते तीन कप मांडायला लावत होते. "येईल. रागावलाय, पण येईल." स्वतः फोन करायचे नाहीत, मला करू द्यायचे नाहीत. दिवाळीनंतर एका दुपारी खुर्चीतच गेले. तेराव्याला त्यांच्या मुलीनं सगळ्या रेकॉर्डी माझ्या घरी आणून ठेवल्या. "बाबांनी सांगून ठेवलं होतं काकू, ज्यांना कान आहे त्यांच्याकडेच जाऊ देत." मी त्या तशाच ठेवून घेतल्या.

दोन वर्षं झाली. तुझी ती रेकॉर्ड मी रोज लावते. आधी शिक्षा म्हणून लावायची. परवा भाजी निवडता निवडता हात थांबला. तो माणूस सूर उचलतो आणि मध्येच सोडून देतो, जणू पुढचं सांगायची त्याला लाज वाटते. थोरले असं कधी करत नाहीत. थोरल्यांच्याही लावून बघितल्या, ओरखड्याकडे कान न देता. नाहीच करत ते. धाकटेच आहेत रे. आयुष्यात पहिल्यांदा मला खरंच ऐकू आलं, आणि सांगायला घरात कुणी नव्हतं.

अण्णांपाशी कबूल करायचं राहून गेलं, ते आता होणे नाही. तू आहेस. येत्या रविवारी ये. रागावून आलास तरी चालेल, पण ये. सगळ्या रेकॉर्डी तुझ्या आहेत, टेम्पो घेऊन आलास तर एका खेपेत जातील. फक्त न्यायच्या आधी तासभर बस माझ्यापाशी.