अक्काची वळकटी

अक्का कुणाच्याही घरी गेली की पाणी घ्यायच्या आधी दारातच उभी राहून खोलीभर नजर फिरवायची. मग म्हणायची, "ती खुर्ची स्वल्प अलीकडं घे बघू." माणसं हसत हसत घ्यायची, आणि पुन्हा ती खुर्ची मूळ जागी कुणी नेत नसे.

अक्का माझी थोरली बहीण. यजमान गेल्यावर निपाणीचं घर आवरून ती येलहंक्यात आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. माझ्या मुलानं आणि सून नेहानं तेव्हा नुकताच राखाडी, परदेशी घाटाचा सोफा घेतला होता. शेजारी माझी जुनी वेताची खुर्ची.

"आत्या, ही दोन्ही एका खोलीत शोभतच नाहीत. एक काढावं लागणार," नेहा वैतागून म्हणाली.

"काढायचं कशाला? दोन जावा भांडायला लागल्या की मधे नणंद बसवायची." अक्कानं निपाणीहून आणलेला तांब्याचा बंब दोन्हींच्या मधे ठेवला. भांडण मिटलं.

पुढं वर्षभर तिला चैन नव्हती. जुन्या दाराच्या फळीचं जेवणाचं टेबल झालं, इरकली लुगड्यांच्या उशा झाल्या, चन्नपट्टणची लाकडी खेळणी पुस्तकांमध्ये जाऊन बसली. जेवता जेवता उठून ती दिवा सरकवायची. मी चिडायचो, "अक्का, बस की गं एका जागी!"

"माझी जागा सापडली की बसते," ती म्हणायची. आम्ही हसायचो. तिला खोली नव्हती. हॉलमधल्या दिवाणावर झोपायची, सकाळी अंथरुणाची वळकटी करून कोपऱ्यात ठेवायची.

घरसजावटीच्या एका मासिकाला आमचा फ्लॅट आवडला. फोटो काढायला आलेली मुलगी वळकटीकडे बघून म्हणाली, "अंकल, हे फ्रेममध्ये येतंय."

"अक्का, तासभर खाली बागेत बसतेस?" मी विचारलं.

"सरी, बसते की," म्हणाली आणि वळकटी काखेत मारून उतरली.

"ही सगळी कल्पना कुणाची?" मुलीनं विचारलं. नेहा बोलणार, तेवढ्यात मीच म्हणालो, "माझी. आयुष्यभर इंजिनिअर होतो, नजर पक्की आहे." वेताच्या खुर्चीत बसून फोटोही काढून घेतला. नेहा माझ्याकडे बघत राहिली.

दुपारी मासिकाच्या पाहुण्यांना घेऊन आम्ही बाहेर जेवायला गेलो. परतताना चार वाजता फाटकाशी नेहा एकदम म्हणाली, "बाबा, आत्या!"

अक्का बागेत वॉचमनशी गप्पा मारत होती. त्याची खुर्ची तिनं सावलीत नेली होती. वळकटी मांडीवर. "झालं का रे? नीट आले ना फोटो?"

मासिक आलं तेव्हा चष्मा लावून तिनं ते पान शेवटपर्यंत वाचलं. "बंब स्वल्प उजवीकडं गेलाय," एवढंच म्हणाली. पुढच्या आठवड्यात होसकोट्याला यजमानांच्या पुतणीकडे राहायला गेली. मी थांब म्हटलं नाही.

गेल्या महिन्यात ती तिथंच वारली. दिवसकार्य झाल्यावर पुतणीनं तिची खोली दाखवली. दारामागे खाट, भिंतीला लावलेली खुर्ची. मी अक्काच्या वस्तू सरकवायच्या सवयीबद्दल बोललो, तर ती गोंधळली. "काकूंची? नाही हो. इथं त्यांनी एक तांब्यासुद्धा हलवला नाही."

लोक अजून घर बघायला येतात आणि माझी पाठ थोपटतात. ते घर अक्कानं लावलं होतं, मी नाही. एवढं लिहितानासुद्धा तीनदा उठलो, बंब डावीकडे नेला, उजवीकडे नेला. सोफा आणि खुर्ची भांडतायत ती भांडतायतच.