फणसूचा दावा

दसरा उलटून पंधरा दिवस झाले होते. पहाटे दव, आणि दिवस चढला की कातडं भाजणारं ऊन. सुझाना झुंजूमुंजूलाच मिठागराच्या वाफ्यात उतरली, पायाने चिखल तुडवला आणि भरतीला बांधावर गेली. खाडी तुडुंब होती, वाफ्यात मात्र थेंब नव्हता. खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी शेजारच्या महिपतने फळी ठोकून बंद केली होती.

"उघाडी माज्या बांधान हाय," महिपत म्हणाला. "कागूद आसंल तर दाखव."

पाणी नाही तर यंदा मीठ नाही. कागद होता, पण घरातला वाळवीने खाल्लेला. आगगाडी ठाण्याला आली त्याच्या दुसऱ्या साली तिच्या बापाने, अल्फान्सोने, हाच दावा जिंकला होता. त्याची नक्कल कचेरीतून काढायची.

टेंभी नाक्यावर एक वकील भेटला. फार गोड बोलला, आणि बोलता बोलता, तिने नाव घेतलं नसतानाही, महिपत कसा आहे म्हणून विचारलं. सुझाना तिथूनच उठली.

दप्तरखान्यातला कारकून त्र्यंबक वही चाळून म्हणाला, "अल्फान्सो नावाचा दावा नाही."

सुझानाने त्याला न्याहाळलं. अंगरखा कोरा होता. कुणी दिला?

"मंग त्या सालची सगली नावां वाच."

"बाई, दीडशे आहेत."

"वाच. मी बसलेली हाय."

त्र्यंबक वाचू लागला. तिला अक्षर येत नव्हतं, पण त्याचं बोट ओळ टाकून उतरलं की कळत होतं. एकदा ते तसं उतरलं.

"ती वळ का सोडली?"

"शाई फुटलीय. कुणी फणसू बिन पेदरू. हा काय तुझा बाप? झाडाला लागला होता का?"

"फणसू नाय, फोंसू. गावान माज्या बापसाला अल्फान्सो कोन म्हनतंय?"

त्र्यंबकाने वही उजेडात धरली. मोडी अक्षर, त्यात लिहिणाऱ्याने कलम झटकलेलं. "फोंसूही होईल," तो पुटपुटला. "नकलेचा अर्ज कर. चार ओळी पुरे, वकील लागत नाही."

"फुकट का सांगतंस?"

"तू उठावीस म्हणून."

आठव्या दिवशी शिक्क्याची नक्कल हाती आली. आत काय लिहिलंय, देव जाणे. परतताना खोपटला तिने हरिहर मास्तरांना गाठलं, पण कागद आपण काढलाय हे सांगितलं नाही.

"मास्तर, महिपतनं माज्यावर ह्यो कागूद काडलाय. जड हाय का?"

मास्तरांनी दोनदा वाचलं. "उघाडी दोघांची, कोणी बंद करू नये, असं आहे यात. स्वतःच्याच विरुद्ध कागद काढलाय त्याने. वेडा आहे का?"

"आसंल," सुझाना म्हणाली.

बांधावर तिने पुढे केलेला कागद महिपतने उलटा धरला, मग सुलटा. शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि फळी उपसली.

"तुजा बापूस पन आसाच व्हता, चिकट."

सुझाना उघाडीत वाकली, तळाशी दुसरी फळी तर नाही ना म्हणून हात घालून चाचपलं. नव्हती. तिने लुगडं वर खोचलं आणि तुडवायचा राहिलेला वाफा तुडवायला गेली.